उत्तरासाठी सोडलेली जागा

"काका, मध्ये थांबू नका ना. सलग म्हणा."

"सलग म्हणायला ती काय उजळणी आहे?"

चष्मेवालीने मोबाइल खाली केला. रुग्णालयाच्या लाँड्रीमागे धुतलेल्या कपड्यांची खोली होती, तिथे तिघं उभी होती. मोबाइल धरलेली ही कॉलेजातली मुलगी, चादरींच्या दोन गठ्ठ्यांमध्ये अंग चोरून उभा असलेला सहासष्ट वर्षांचा निवृत्त बस कंडक्टर, आणि दाराशी त्याची सून. खोली मुलीनेच निवडली होती. चादरी आवाज पितात, घुमू देत नाहीत, असं तिचं म्हणणं. कंडक्टरला ते काही पटलं नव्हतं. आवाज पिणाऱ्या जागेत त्याने उभ्या आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं. आवाज परत येतो म्हणून तर माणूस ओरडतो.

"हे बघ पोरी," तो म्हणाला, "मी म्हणणार, मागं हटणार का? लोक म्हणणार, नाही! मग मी पुढचं म्हणणार. मधली जागा लोकांची. ती मी कशी खाऊ?"

"पण इथे लोक कुठे आहेत?"

"नाहीत म्हणून तर जागा सोडायची. आलेला माणूस आपली जागा आपण करून घेतो."

दाराशी सून हसली. "घ्या मॅडम तसंच. मामांनी डेपो मॅनेजरचं ऐकलं नाही कधी, तुमचं काय ऐकतात!"

सासऱ्यांना ती मामा म्हणे. बाकी सगळं गाव त्यांना भोंगा म्हणे. त्यालाही आता तीस वर्षं झाली. डेपोचा भोंगा एकदा बिघडला, दुरुस्त व्हायला आठ दिवस लागले, आणि ते आठ दिवस हा गडी पहाटे डेपोच्या जिन्यावर उभा राहून पाळी सुटल्याची हाळी देत होता. म्हणे चौथ्या गल्लीतल्या बायका त्यावर दूध तापवायला ठेवत. त्यानंतर जो संप झाला त्यात घोषणा द्यायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं. मग नळाच्या पाण्यासाठी निघालेला मोर्चा, नर्सांचा मोर्चा, शाळेच्या शिपायांचा मोर्चा. भाषणं करणारे बदलत गेले, पुढारी झाले, काही तर पलीकडच्या बाजूला जाऊन साहेबांच्या खुर्चीतही बसले. घोषणा देणारा तोच राहिला. घोषणा देणाऱ्याला कुणी पुढारी करत नाही. त्याचा घसा तेवढा मोठा असतो.

पण ती एक विद्या होती आणि तो ती मन लावून शिकला होता. घोषणा पोटातून द्यायची. घशातून दिली तर दुसऱ्या चौकात गाडी बंद. शेवटचा शब्द किंचित वर न्यायचा, म्हणजे तो लोकांच्या हातात अलगद पडतो. उत्तर संपायच्या आत पुढची घोषणा दिली तर लोक दमतात, आणि उशिरा दिली तर विचार करायला लागतात. मोर्चात दोन्ही वाईट. मधली जागा चार पावलांची. बरोबर चार.

कपड्यांच्या खोलीत चालायला जागा नव्हती, म्हणून त्याने मनातल्या मनात पावलं टाकली.

"लाँड्री कुणाची?"

चार पावलं.

"मागं हटणार का?"

चार पावलं.

"विकले जाणार का?"

चार पावलं. त्या जागांमध्ये एक खोकला नाही, शिंक नाही, चपलेचा आवाज नाही. चष्मेवालीने कानाला मोबाइलचे बोळे लावून ते पुन्हा ऐकलं आणि तिचे डोळे चष्म्याएवढे झाले.

"काका, कसलं स्वच्छ आलंय हे! यात काहीही बसेल."

स्वच्छ म्हटल्यावर सुनेला बरं वाटलं. शेवटी तिचीच खोली.

*

प्रकरण असं होतं. रुग्णालयाची लाँड्री बंद करून कपडे बाहेरच्या ठेकेदाराकडे धुवायला पाठवायचे घाटत होतं. बेचाळीस बायका. रक्ताची चादर आधी गार पाण्यात टाकायची, गरम पाणी लागलं की डाग जन्माचा बसतो, हे शिकायलाच नव्या बाईला महिना लागतो. कुठल्या वॉर्डचा गठ्ठा हातमोजे घालून उघडायचा, कुठल्या गठ्ठ्यात नर्सांच्या गडबडीने सुई राहते, हे तर कुठे लिहूनही ठेवलेलं नव्हतं. ते बायकांच्या बोटांना ठाऊक होतं. तीन आठवड्यांनी सोमवारी तीन माणसांची समिती पाहणीला येणार, आणि तिथेच काय तो निकाल.

कंडक्टरचा मुलगा तीन वर्षांपूर्वी ट्रकखाली गेला. तेव्हापासून दोन खोल्यांत सासरा आणि सून. पहिले सहा महिने दोघं एकमेकांशी चहा झाला का एवढंच बोलत. मग सून लाँड्रीत लागली, आणि घरात बोलायला विषय आला. आज बॉयलर रुसला, आज इस्त्रीवालीने मुकादमाला कसं सुनावलं, आज एका चादरीत कुणाचे तरी दात सापडले, कवळी हो, आणि तो म्हातारा ओळख पटवायला स्वतः खाली आला. कंडक्टर पोट धरून हसे. त्या घरातलं हसणं लाँड्रीतून येत होतं. ती गेली तर नुसता पगार जाणार नव्हता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून सुनेने विचारल्यावर तो लगेच तयार झाला. फक्त त्याला वाटलं होतं, गेटवर उभं राहायचं असेल. चादरींच्या खोलीत नव्हे.

"आता हे मी नेटवर टाकते," चष्मेवालीने समजावलं होतं. "लोक तुमचा आवाज ऐकणार, आणि मधल्या जागेत स्वतःचं उत्तर भरून पुढे पाठवणार. घरबसल्या."

"घरबसल्या मोर्चा?"

"तसंच म्हणा."

"आमच्या वेळी घरबसल्या नुसता ताप यायचा."

पण मुलगी खोटी नव्हती. बाप डॉक्टर, आई कसलीशी अधिकारी, हिला कशाचं काही पडलेलं नसतं तरी चाललं असतं. तरी ती उन्हातान्हाची लाँड्रीत यायची, बायकांबरोबर पायरीवर बसून पाणचट चहा प्यायची आणि त्यांची नावं चुकवायची नाही. इस्त्रीवाली म्हणे, "पोरगी सोन्याची आहे, फक्त बोलते ते कळत नाही."

आणि तिचं म्हणणं खरंही ठरलं. चौथ्या दिवशी सून धावत घरी आली, चपलाही न काढता त्याच्यापुढे मोबाइल धरून बसली.

"ऐका!"

त्याचा आवाज: मागं हटणार का? आणि कुठल्याशा वर्गातली तीस पोरं: नाही! पुन्हा त्याचा आवाज. आणि नर्सांची खोली: नाही! मग एक बाई, मागे कुकरची शिट्टी: नाही! मग एक माणूस, मागे समुद्र, बोटीवर काम करणारा, माझ्या आईला तुमच्या रुग्णालयात जीवदान मिळालं म्हणून सांगणारा: नाही! उत्तर बरोबर चार पावलांत बसत होतं. कुणाला आखडून घ्यावं लागत नव्हतं, कुणाला ताणावं लागत नव्हतं.

"चार हजार झालेत मामा. चार हजार!"

त्याने मनात हिशोब केला. तीस वर्षांत सर्वांत मोठा मोर्चा सातशेचा होता, त्यातले शंभर तरी बघे.

"त्या समुद्रवाल्याचं पुन्हा लाव," तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने नवा सदरा शिवायला टाकला. सोमवारसाठी.

*

आता पुढचं कुणी केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि करणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असंही नाही. कुणीतरी रिकामटेकडा, जेवणानंतर आडवा पडून मोबाइल चाळणारा. त्याने घोषणा ऐकली. मागं हटणार का? आणि मधल्या कोऱ्या जागेत स्वतःचा आवाज घातला. लाडीगोडीचा, नाकातला, टेबलाखालून हात पुढे करणाऱ्या माणसाचा.

"किती देणार?"

एवढंच. बास.

विनोद चांगला होता. हेच खरं दुखणं. वाईट असता तर दोन दिवसांत मेला असता. विकले जाणार का? किती देणार? एका मांजरीला घरातून हाकलताहेत, ती उंबऱ्यात बसलीये, वर कंडक्टरचा आवाज: मागं हटणार का? आणि मांजर जांभई देते: किती देणार? नवरा भांडी घासायला तयार नाही: किती देणार? कुठल्याशा देशातला मंत्री पक्ष बदलतो: किती देणार? बोटीवरचा माणूस, नर्सा, वर्गातली पोरं सगळी त्या पुराखाली गेली. चार हजारांचे चाळीस हजार झाले, मग चार लाख, मग सून आकडा सांगायची थांबली.

मांजरीचं पाहून कंडक्टर पहिल्यांदा हसलाच. दुसऱ्यांदाही हसला. तिसऱ्यांदा किराणा दुकानात साबण मागायला गेला, आणि "एक वडी द्या" एवढं म्हणतो तोच काउंटरमागचा माणूस ताडकन वर बघून म्हणाला, "अरे! तुम्ही ते! किती देणार?" रांगेतले सगळे खो खो हसले. कंडक्टरही हसला, पण साबण घेऊन परत येताना त्याला वाटलं, दुकानात आपण काहीतरी विसरलो. खिसे चाचपले. सगळं होतं.

"मॅडमला सांग, थांबव म्हणावं ते," रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला.

सुनेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी चष्मेवाली स्वतः घरी आली. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला.

"काका, ते आता कुणाच्याच हातात नाही. आणि तसं वाईटही नाही. त्या निमित्ताने लाँड्रीचं नाव लोकांना कळलं. सोमवारी बघा किती जण येतात."

"यायला येतील. पण घोषणा बसवून घ्यायला लागेल. मी दोन दिवस दारोदार फिरतो."

"म्हणजे?"

मग त्याने तिला जुनी रीत सांगितली. मोर्चाच्या आधी दोन दिवस तो येणाऱ्या प्रत्येकाच्या दारात जायचा. चहा नाही, पाणी नाही. उंबऱ्यात उभा करायचा आणि घोषणा द्यायची. त्याने तिथेच, भरल्या चाळीत, बायकोपोरांसमोर, शेजाऱ्यांच्या देखत मोठ्याने उत्तर द्यायचं. एकदाच. भलेभले लाजून चूर व्हायचे. कुणाचा आवाज फुटायचा नाही, कुणाची बायको आतून म्हणायची, एरवी घरात तर बरा चढतो! पण स्वतःच्या दारात एकदा जो ओरडला तो रस्त्यावर चळत नसे. शेजाऱ्यांनी ऐकलेलं असे ना. दुसऱ्या दिवशी त्यांना तोंड दाखवायचं असे.

चष्मेवालीने सगळं मन लावून ऐकलं. मग हळूच म्हणाली, "फार छान आहे हे. पण काका, आता त्याची गरज नाही. घोषणा सगळ्यांना पाठ आहे."

खरंच होतं ते. आणि त्याचे गुडघेही दुखत होते. चौथा मजला, पाचवा मजला. तो घरी बसला. पुढे पुष्कळ दिवस तो स्वतःला सांगत राहिला की गुडघे दुखत नसते तर तो गेला असता. पण खरं सांगायचं तर चार लाखांच्या पुढे त्याला आपली चाळीस दारं थोडी लाजिरवाणी वाटली होती.

*

सोमवारी तीनशे माणसं आली. तीनशे! कंडक्टर गेटपाशी पोचला तेव्हा त्याची छाती आनंदाने भरून आली. पुढे एप्रन घातलेल्या बेचाळीस बायका, मागे रस्त्याच्या कडेपर्यंत तरुण मुलंमुली, फलक, मोबाइल. बोलावणं कुणी कुणाला गेलेलं नव्हतं, दारं कुणी वाजवली नव्हती, तरी आले होते. चष्मेवाली त्याच्याकडे बघून हसली. तिच्या हसण्यात मी म्हटलं नव्हतं का, हे नव्हतं. ती नुसती खूश होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

विनोदाची भीती त्याला नव्हती असं नाही. पण त्याचा एक जुना विश्वास होता. घरात बसलेला माणूस वेगळा आणि रस्त्यावर उभा राहिलेला वेगळा. रस्त्यावर माणूस शहाणा होतो, त्याच्या शेजारी दुसरा माणूस असतो म्हणून.

समितीची गाडी आली. टाय लावलेला एक, फायली धरलेला एक, आणि एक बाई. पायऱ्यांवर ते तिघं थांबले.

कंडक्टरने पोटात हवा भरली.

"लाँड्री कुणाची?"

"आमची!"

भिंती हादरल्या. समोरच्या औषधाच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

"लाँड्री कुणाची?"

"आमची!"

इस्त्रीवालीच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. कंडक्टरच्या अंगावर काटा आला. सहा वर्षांनी तो रस्त्यावर ओरडत होता आणि आवाज परत येत होता. तिसऱ्यांदा दिली. टायवाल्याने चष्मा काढून पुसला. घोषणा लागली की समोरचा हाताला काहीतरी काम देतो, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. लागली होती. आता पुढची.

"मागं हटणार का?"

"नाही!" पुढच्या बायका.

आणि अगदी मागून, फार मोठ्याने नाही, उचकी लागावी तसं कुणीतरी:

"किती देणार?"

दोघं-तिघं फिसकन हसले. कुणीतरी "शू:" केलं. शू: करणारीलाच हसू फुटलं.

कंडक्टरने पुन्हा हवा भरली. अशा वेळी थांबायचं नाही, हे त्याला कळत होतं. घोषणा अडखळली की तीच पुन्हा द्यायची, अधिक जोरात.

"मागं हटणार का?"

या वेळी पन्नास जण. एका सुरात, नाकातून. त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पाठ होतं. दोन आठवडे तो आवाज आला की तेच उत्तर कानांवर पडलेलं. त्यांच्यातल्या कित्येकांचे हात मुठी वळून वर होते, चेहरे खरोखर चिडलेले होते, आणि तोंडातून "किती देणार" निघालं. निघाल्यावर ते स्वतःच दचकले. मग हसू. फाटकाचे पहारेकरी हसले. औषधाच्या दुकानातला हसला. हसण्याची लाट मागून पुढे आली आणि एप्रनच्या रांगेवर फुटली. दोन बायकांनी तोंडावर हात ठेवले. इस्त्रीवाली, जिने मुकादमाला पाणी पाजलं होतं ती इस्त्रीवाली, तिचे खांदे हलायला लागले.

कंडक्टरने घोषणा बदलली. "मागं हटणार नाही!" त्याला काय उत्तर द्यायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. इकडून एक "नाही," तिकडून एक "हो." मागून एक दाढीवाला मुलगा आर्जवाने ओरडला, "काका, ती घ्या ना, ती फेमसवाली!"

पायऱ्यांवरचा टायवालाही आता हसत होता. पाच मिनिटांपूर्वी त्याच्या कपाळावर घाम होता. तो दोन पायऱ्या उतरून खाली आला, अगदी घरच्यासारखा, आणि बायकांना म्हणाला, "अहो, तुम्ही सगळेच एवढं विचारताय, तर बसून बोलू की. किती देणार ते सांगतो."

पुन्हा हशा. पण या हशात एक फट पडली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. इतके दिवस कुणी किती हा शब्द उच्चारला नव्हता. कामच हवं, दुसरं काही नको, असं ठरलेलं होतं. आता तो शब्द मध्ये येऊन बसला होता, सगळ्यांच्या देखत, हसत हसत. आणि एकदा हसलेल्या माणसाला पुन्हा लगेच मूठ वळता येत नाही. हात तेवढे पटकन तापत नाहीत.

"आमच्यातल्या चौघी येतील आत," इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली.

चष्मेवालीने मोबाइल खिशात टाकला होता. ती कंडक्टरजवळ येऊन उभी राहिली. तिच्या चष्म्याला वाफ धरली होती.

"काका, मला वाटलं नव्हतं..."

"नाही गं," तो म्हणाला. "कुणालाच नव्हतं."

*

गुरुवारपर्यंत एकतीस बायकांनी काम सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. अडीच महिन्यांचा पगार आणि अनुभवाचं पत्र. शनिवारी आणखी सात. सुनेचा कागद कपाटावर पडला होता.

"तू करू नकोस सही," कंडक्टर म्हणाला.

"आणि काय करू मामा? एकटीने लाँड्री चालवू? चादर पिळायलासुद्धा दोघी लागतात."

ती कांदा चिरत होती. चिरता चिरता थांबली.

"एक सांगायचं होतं तुम्हाला."

"हं."

"त्या दिवशी मीपण हसले."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्याकडे बघत होता तेव्हा मी आवरलं. पण तुम्ही तिकडे वळलात आणि... नाही आवरलं. माझंच काम जात होतं, आणि मला हसू येत होतं. आता रोज सकाळी आठवतं. लाज वाटते हो."

कंडक्टरने पुढे सरकून तिच्या हातातली सुरी काढून घेतली. उरलेला कांदा तो चिरायला बसला. जाड जाड चिरत होता, सून बघत होती.

"ते बरोबर बसत होतं गं जागेत," तो म्हणाला. "म्हणून हसू येतं. त्यात तुझा काय दोष? जागा मी सोडलेली."

सोमवारी तिने सही केली. रुग्णालयाच्या चादरी आता झाकलेल्या टेम्पोतून जातात आणि टेम्पोतूनच येतात. नर्सा म्हणतात, डाग तसेच असतात.

त्यानंतर कंडक्टर बाहेर बोलेनासा झाला. घसा ठीक होता, घरात बोले. पण दुकानात गेला की बोट दाखवायचा. रिक्षावाल्याला पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यायचा. दवाखान्यात डॉक्टरने "काय होतंय?" म्हटलं तर छातीवर हात ठेवून दाखवायचा, आणि सून बाकीचं सांगायची. पहिल्या दोन शब्दांत लोक ओळखतात, तिसऱ्या शब्दाला हसू येतं त्यांना, आणि हसणाऱ्या माणसावर रागावणार तरी कसं? नवे नवे विनोद आले, मांजर मागे पडली, चष्मेवालीनेही एकदा येऊन सांगितलं, "काका, आता कुणाच्या लक्षात पण नाही." ती अजून येते. दुसऱ्या कशासाठी तरी लढते आहे, आता दारोदार फिरते, गुडघ्याला पट्टा बांधून. विचारायला आलेली असते की दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य काय म्हणायचं. तो तिला सगळं सांगतो. दार लावून.

सुनेला दुसरं काम लागलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका हॉटेलच्या लाँड्रीत. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, कानाला यंत्रं लावून बसतात बायका, म्हणाली. कवळी वगैरे काही सापडत नाही. सकाळी साडेसहाची बस गाठावी लागते. ती चुकली तर पुढची पाऊण तासाने, आणि तिसऱ्या उशिराला काम जातं. दोन झाले होते.

थांब्यापर्यंत तिची पिशवी घेऊन जायचा नेम त्याने स्वतःच लावून घेतला. त्या दिवशी डबा घरी राहिला म्हणून ती अर्ध्या वाटेतून मागे पळाली, आणि हा पुढे येऊन उभा राहिला. बस आली. थांब्यावरचे दोघं चढले. बसचा कंडक्टर तरुण होता, त्याने मागे नीट पाहिलंही नाही आणि घंटी मारली. तेव्हा सून कोपऱ्यावर दिसली, शंभर पावलांवर, डबा छातीशी धरून पळत येताना.

एक हाळी पुरली असती. तेवढ्या अंतरावर तर त्याने आवाज चढवलाही नसता. थांब्यावर सात-आठ माणसं होती. त्याचं तोंड उघडलं, पोटात हवा भरली गेली, सगळं आपोआप झालं.

मग त्याने तोंड मिटलं, पिशवी खाली ठेवली आणि पदपथावरून उतरून बसच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात पसरून.

ब्रेक कचकचले. ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "मरायचंय का, आजोबा? ओरडायला काय तोंड नाही?"

तो जागचा हलला नाही. काचेला नाक लागेल इतका जवळ उभा होता, इंजिनाची धग त्याच्या सदऱ्यावर येत होती. मोर्चासाठी शिवलेला तो सदरा तो आता रोजच घाली. सून आली, पिशवी उचलली, दांडी धरून वर चढली. ड्रायव्हर अजून बोलतच होता. आतल्या कंडक्टरने तिला विचारलं, "कोण हो ते? मुके आहेत का?"

"माझे सासरे आहेत," ती म्हणाली, आणि तिकिटासाठी हात पुढे केला.

घंटी वाजली तसा तो बाजूला झाला. बस वळणापर्यंत गेली तरी त्याचे हात पसरलेलेच होते.